कंसातला आवाज

मानवी आवाज अमर आहे, अशी घोषणा वडिलांनी तरुणपणी कॅसेटवर केली होती. आता त्यांना स्वतःचाही आवाज ऐकू येत नव्हता. आई गेल्यावर त्यांनी मुलीपुढे कॅसेटींचं खोकं आदळलं. “तू सिनेमाखाली अक्षरं लावतेस ना? मग तुझ्या आईचं बोलणं लाव. वाचेन तरी.” मुलीने सगळं ऐकून लिहून काढलं, वाक्यावाक्याला पडद्यावर दिसण्याची वेळ जोडली आणि लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. वडील वाचत गेले: राजकारण, संगीत, शेजारी, सगळ्यांवर त्यांचंच भाषण. “ही कुठंय?” मुलीने पडद्यावर बोट ठेवलं. शब्द नसलेले आवाज कंसात लिहितात. तिथे होतं: (मागे कपबशा विसळल्याचा आवाज). “बोलली नाही?” मुलीने टाइप केलं, “तुम्ही थांबलाच नाहीत, बाबा.” वडील गप्प बसले; घरातला हा विक्रम होता. मग म्हणाले, “तो कंस लगेच जातो गं. जरा जास्त वेळ ठेव.”