दोन ते अडीच

“कुणाला खरं वाटायचं नाही, साहेब, पण गिंडीच्या फाटकात आगगाडी माझ्यासाठी मागे सरकलीय,” वेंकोबा म्हणाला. टेबलापलीकडे बसलेल्या रविकांतने रजिस्टर मिटलं. हसू आवरायला त्याला दोन्ही हात लागणार होते.

रविकांत धर्मादाय संस्थेचा हिशेबनीस. नाशिकहून मद्रासला येऊन त्याला जेमतेम वर्ष झालं होतं. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत संस्थेची एकच ॲम्ब्युलन्स होती. पहिली पाळी सकाळी सहा ते दोन, दुसरी अडीच ते साडेदहा. मधल्या अर्ध्या तासात पहिल्या पाळीच्या ड्रायव्हरने, म्हणजे वेंकोबाने, गाडी धुवायची, आतलं रक्त खरवडून काढायचं; रात्री साडेदहानंतर दुसऱ्यानेही तेच. तो अर्धा तास पगारात धरलेला नव्हता. ड्रायव्हरांची मागणी होती त्यासाठी महिन्याला सात रुपयांची. साल १९६२. पुढच्या तीन वर्षांचा पगार त्या बैठकीत ठरायचा होता.

“तीन वर्षांच्या रजिस्टरात दोन ते अडीच एकही फोन नाही,” रविकांत म्हणाला. “मग त्या वेळेचे पैसे कशासाठी द्यायचे? बादली भरण्यासाठी?”

“ज्या वेळेला पगार नाही, त्या वेळेला शाई कुठली, साहेब? फोन येतो. आम्ही जातो. लिहीत नाही, एवढंच.”

दुसऱ्या पाळीचा ड्रायव्हर सुब्बा दाराशी उभा होता. एकदा तो लवकर आला असताना फोन आला म्हणून त्याने सव्वादोनला गाडी बाहेर काढली होती, आणि संस्थेने पेट्रोलचे पैसे त्याच्या पगारातून कापले होते.

देणगी देणाऱ्या कारखान्यांनी बैठकीला एकेक माणूस पाठवला होता. लेथच्या कारखान्याच्या मालकाला सवड नव्हती. त्याने टेलिफोनवर बसणाऱ्या अंबुजाला धाडलं होतं. ती भिंतीलगतच्या बाकावर बसून होती.

“एखादी फेरी सांगा बघू,” रविकांत म्हणाला.

वेंकोबाला एवढंच हवं होतं. एकतीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, आणि त्याहून जास्त वर्षं गोष्टी सांगितलेला. त्याची मराठी तंजावरची, जुन्या वळणाची; मधूनच तमिळमध्ये गिरकी घेऊन परत यायची.

“गेल्या पंगुनीतली, म्हणजे तुमच्या फाल्गुन-चैत्रातली गोष्ट. ऊन असं, की डांबराला चप्पल चिकटून राहायची आणि माणूस पुढे जायचा. अंगावर साबणाचा फेस, आणि घंटा वाजली. अय्यो, धावलो तसाच! फाटकाशी आलो तर फाटक बंद. मी हॉर्नसुद्धा दिला नाही. इंजिनवाल्याकडे नुसतं बघितलं. त्याने गाडी मागे घेतली. पुरी, डब्यांसकट!”

“आतल्या लोकांसकट?” कुणीतरी विचारलं.

“ते टाटा करत होते.”

सगळे हसले. रविकांतही हसला. अंबुजा हसली नाही.

“साडेतीन मिनिटांत कारखान्यात,” वेंकोबा म्हणाला, आणि त्याचा आवाज खाली आला. “वादिराज म्हणून माणूस होता. लेथवरचा. सदऱ्याची बाही पट्ट्यात गेली, तिच्यामागून हात गेला. कोपरापर्यंत. मी माझा पंचा फाडून दंडाला आवळला. त्याला उचलला तेव्हा वजन लागलं नाही, साहेब. भिजलेल्या कपड्यांचं तेवढं वजन. गाडीत सारखं विचारत होता, मशीन बंद केली का. मी म्हटलं, केली रे बाबा, केली. थोड्या वेळाने पुन्हा तेच. मशीन बंद केली का. मी मागे वळून बघत होतो आणि गाडी चालवत होतो. ‘बोलत राहा, वादिराजा,’ म्हणत होतो, ‘काहीही बोल.’ तो बोलत राहिला. इस्पितळाच्या दारात उतरवला तेव्हा जिवंत होता. हात गेला. माणूस राहिला.”

आता कुणी हसत नव्हतं. आगगाडीचं कुणाला आठवतही नव्हतं. वेंकोबाच्या कपाळावर घाम आला होता आणि पुसायचं त्याला भान नव्हतं.

रविकांतने टोपण काढून पेन पुढे केलं. “वेंकोबा, एवढी एक घटना मला पुरेशी आहे. तारीख घाला, खाली सही करा. अर्धा तास पगारात धरला म्हणून समजा. तुमचाही आणि सुब्बाचाही.”

सुब्बाने दाराच्या चौकटीवरचा हात काढला. वेंकोबाने कागद जवळ ओढला. तारीख त्याने न अडखळता घातली, जणू रोज घालत होता. सहीसाठी पेन टेकवलं.

“मामा,” अंबुजा म्हणाली.

ती उभी राहिली होती. बोलताना तिने रविकांतकडे पाहिलं नाही, फक्त वेंकोबाकडे.

“तो फोन मी लावत होते. वादिराज तुमच्या गाडीत बसलाच नाही. आम्ही त्याला एका फळीवर घालून रस्त्यापर्यंत आणलं, तिथेच तो गेला. सात रुपये तुम्हाला मिळावेत, माझं काही म्हणणं नाही. पण ही गोष्ट नको. तुमच्या इथे कुणी फोन उचललाच नाही. घंटा मोजत होते मी. चाळीस वाजल्या.”

पेन कागदावर तसंच टेकलेलं होतं. शाई पसरत चालली होती.

“एक्केचाळीस,” वेंकोबा म्हणाला.