हरणाऱ्याचा मान

टीव्हीवरच्या नाटकी कुस्तीवरून रुग्णालयातल्या सिस्टरचं तिच्या सासऱ्यांशी रोज वाजायचं. आज मात्र मुख्य परिचारिकेच्या जागेची मुलाखत देऊन ती तणतणत घरी आली आणि पर्स तिने सोफ्यावर आदळली.

"बावीस वर्षं वॉर्डात राबले, बाबा! आणि आत माझी मुलाखत चालली होती, तेव्हाच शिपाई बाहेर दुसरीच्या नावाची पाटी ठोकत होता!"

सासऱ्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. पडद्यावर एक धिप्पाड पैलवान उताणा पडला होता.

"यांचंही सगळं आधीच ठरलेलं असतं ना?" तिने दात-ओठ खात विचारलं.

"असतं की. पण इथे हरणाऱ्याला आधी सांगतात गं."



ती धपकन त्यांच्या शेजारी बसली आणि पडलेल्या पैलवानावर ओरडली, "ऊठ मेल्या, ऊठ! धर त्याची मानगूट!"