ओट्यापुरता सिग्नल

“याहून अशक्त नाही का एखादा?” डॉन एव्हेलिओंनी विचारलं.

याडेरने कपाळावर हात मारला. मसाया शहरात अकरा वर्षं तो राउटर विकत होता, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच.

“अहो, हा घ्या. तीन अँटेना. अख्ख्या गल्लीला पुरेल.”

“अख्ख्या गल्लीचं काय लोणचं घालू? पायरी उतरली की सिग्नल संपला पाहिजे.”

“तुमच्या समोरच्या घरातल्या दोन्या मेल्बा फुकट वापरतात म्हणून? आहात हं चिक्कू!”

म्हातारा जरा घुटमळला, मग खरं ते बोलला. विधवा मेल्बा रोज चार वाजता मोबाइल आणि मक्याची कडक बिस्किटं घेऊन त्याच्या ओट्यावर यायची. झुलत्या खुर्चीत बसून कोस्टा रिकातल्या लेकीशी दहा मिनिटं बोलायची आणि त्याच्याशी दोन तास. मंगळवारी जुना राउटर जळला. तेव्हापासून ती फिरकली नव्हती आणि त्याला जेवण जात नव्हतं.

“घरबसल्या सिग्नल मिळाला तर ती कशाला येईल रे?”

याडेर माळ्यावर चढला आणि एका अँटेनाचा जुना राउटर शोधून आणला. डॉन एव्हेलिओंच्या घरी जाऊन तो फ्रीजमागे बसवला, शिवाय त्याची ताकद निम्मी केली.

“पासवर्ड?”

“चांगला लांबलचक ठेव. आणि दर सोमवारी बदलायचा कसा, तेही शिकव. ती चष्मा घरी विसरते. मलाच पासवर्ड टाइप करून द्यावा लागतो.”

डॉन एव्हेलिओंच्या मोबाइलवर वायफायच्या यादीत नवं नाव उमटलं. त्याच्या खाली आणखी एक होतं, ‘सिएलितो’.

“हे कुणाचं?”

“औषधवाल्याचं असेल. वर्षभर दिसतंय. ते सोड, समोर जाऊन बघून ये. सिग्नलची एक कांडीसुद्धा दिसता कामा नये.”

याडेर रस्ता ओलांडून गेला. दार वाजवायच्या आत उघडलं. दोन्या मेल्बांच्या नाकावर चष्मा होता आणि हातात बिस्किटांची पिशवी तयार होती.

“त्यांचं सुरू झालं?”

“झालं. पण...” याडेरला लाज वाटली. त्याने मोबाइल पुढे धरला. “तुमच्या घरापर्यंत नाही पोचत.”

“अजिबात नाही?”

“अजिबात नाही.”

“देव पावला!” मेल्बांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि त्याला आत ओढून दार लावलं. टीव्हीशेजारचा क्रोशाचा रुमाल त्यांनी उचलला. खाली चार हिरवे दिवे लुकलुकत होते.

“हा बंद नको करूस, लेक ओरडेल. तिनेच बसवलाय वर्षापूर्वी. फक्त हे ‘सिएलितो’ त्यांच्या मोबाइलवर दिसणार नाही असं कर. आणि लवकर कर बाबा, चार वाजत आले.”