लेकराची मुलाखत

आईच्या आठवणींवर लिहिलेल्या हळव्या लेखांमुळे ‘लेकरू’ या नावाने लिहिणाऱ्या ब्लॉगरला वाचकांनी नुसतं डोक्यावर घेतलं होतं. ‘टाचणी’ या नावाने ब्लॉग चालवणाऱ्या शिवणकामवाल्या बाईच्या मात्र त्याचा प्रत्येक लेख वाचून तळपायाची आग मस्तकात जायची. तरीही एके दुपारी तिनेच त्याला मेसेज केला, "वाचकांना तुमची ओळख करून द्यायची आहे. थोडे खासगी प्रश्न विचारले तर चालतील ना?"

तो हुरळलाच. "विचारा की, अगदी बिनधास्त!"

"आईंच्या आजारपणात त्यांचं सगळं कोण करायचं?"

"मीच. भरवण्यापासून अंघोळीपर्यंत सगळं याच हातांनी केलं."

"घरात आणखी कोणी नव्हतं?"

"बहीण आहे एक. पण तिने कधी ढुंकूनही पाहिलं नाही हो."

शिलाई मशीनवरचा तिचा पाय थांबला. दातओठ खात तिने पुढचा प्रश्न टाइप केला, "आणि त्या गेल्या तेव्हा?"

"माझ्याच मांडीवर डोकं होतं. ‘तूच माझा आधार,’ म्हणाली आणि डोळे मिटले."

त्याची उत्तरं एका अक्षराचाही फरक न करता तिने ब्लॉगवर चढवली. मग फोन घेऊन ती आतल्या खोलीत गेली, पलंगावरच्या म्हातारीला उशीला टेकवून बसवलं आणि तिचे केस नीट केले.

 

"आई, जरा इकडे बघ. दादाच्या मुलाखतीखाली तुझा आजचा फोटो टाकायचाय."