ओढ्याच्या पाण्याचा ग्लास

प्रचारसभेच्या टेबलावर चार ग्लास होते: तीन बाटलीबंद पाण्याचे, एक आमच्या ओढ्याच्या पाण्याचा.

“उमेदवारच कंपनीच्या गाडीतून उतरतो, मग ओढ्याला वाली कोण?” शेजारी बसलेली मावशी पुटपुटली.

“गाडीत बसले म्हणून सर कंपनीचे झाले होय?” मी चिडले. पाणी तपासायला मला शाळेत सरांनीच शिकवलं होतं.

सरांनी ओढ्याचा ग्लास उचलून अर्धा पिऊन दाखवला. “कंपनी आता सांडपाणी शुद्ध करून सोडते. विश्वास ठेवा.”

“लाव की तुझं मीटर,” मावशी म्हणाली.

मी मीटर घेऊन पुढे गेले. “घरी ये, सविस्तर बोलू,” सर हळूच म्हणाले.

सकाळी ओढ्यात मी मोजलेला क्षारांचा आकडा नऊशे दहा होता. बाटलीबंद पाण्यात तो चव्वेचाळीस आला. सरांच्या ग्लासातही चव्वेचाळीस.