घरचं पेट्रोल

धाप टाकून मशीन पुन्हा बंद पडलं. चेनसॉचं पातं जांभळाच्या बुंध्यात जेमतेम दोन बोटं शिरलं होतं, तिथंच अडकून राहिलं. पांढरा धूर अंगणभर रेंगाळला आणि दोरीवरच्या लुगड्यांतून वाट काढत रस्त्यावर गेला.

"क्या भिया," ओट्यावरून बाळकृष्णजी म्हणाले, "मशीन आहे का म्हातारा? सकाळपासून नुसतं खोकतंय."

सुगतनं दोरी ओढली. मशीन गुरगुरलं आणि गप्प झालं.

"कालच याच मशीननं खंडवा रोडला दोन निलगिरी पाडल्या, बाळकृष्णजी. पेट्रोल बघावं लागेल."

"पेट्रोलला नाव नको ठेवू. पंपावर स्वतः उभं राहून आणलंय."

राजेंद्र नगरातल्या घरमालकांनी तशी रीतच पाडली होती. ज्याचं झाड, त्याचं पेट्रोल. मशीनवाल्यानं त्यात फक्त इंजिनाचं टू-टी ऑइल मिसळायचं. मशीनवाले पेट्रोल मारतात, असा त्यांचा वहीम होता.

फांद्या आधीच कोयत्यानं उतरवल्या होत्या. फांद्या गेल्या, पाखरं गेली, उरला तो बुंधा. तो उद्या संध्याकाळच्या आत पडायला हवा होता. घर घेणाऱ्यानं बजावून सांगितलं होतं: परवा रजिस्ट्री, प्लॉट मोकळा पाहिजे. झाड उभं दिसलं तर तो सिमरोलकडचा दुसरा प्लॉट घेणार.

मिल बंद झाली तेव्हा सुगत तिथं फिटर होता आणि बाळकृष्णजी टाइम ऑफिसात. हिशेबाचे पैसे मिळाले त्यात सुगतनं सियागंजच्या बाजारातून हे परदेशी मशीन घेतलं. बाळकृष्णजींनी काही घेतलं नाही. ते ओट्यावर येऊन बसले, ते बसलेच.

"आता अपन नागपूरला," ते म्हणाले. "अस्मिताकडे. जावयानं वरची खोली रिकामी करून ठेवलीय. मिलचा भोंगाच वाजत नाही तर इथं राहून करायचं काय?"

रमाकाकू चहा घेऊन आल्या. बाळकृष्णजींनी हनुवटीनं त्यांच्याकडे दाखवलं.

"हे झाड हिचं. लग्न होऊन आली त्या वर्षी लावलेलं. म्हणून बघ, तोंड कसं उतरलंय."

कप ठेवताना काकूंनी हलकेच विचारलं, "आज पडेल?"

"कठीण दिसतंय, काकू."

त्यांनी वर बुंध्याकडे पाहिलं. डोळे भरून आले, ते त्यांनी पदराच्या टोकानं टिपले आणि त्या आत गेल्या. सुगतनं चहा खाली मान घालून प्यायला.

बाळकृष्णजी पान खायला नाक्यावर गेले, तसा तो पेट्रोलच्या कॅनपाशी गेला. कॅन मागच्या बाजूला, न्हाणीच्या दाराशी ठेवलेला. शेजारीच रेशनच्या घासलेटचा डबा. त्यानं कॅनमधला एक थेंब वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर टाकला आणि वाट पाहिली. पेट्रोल उडून जातं, मागे काही ठेवत नाही. इथं तेलकट डाग तसाच राहिला.

घासलेट. तेही हात आखडून नव्हे.

न्हाणीपर्यंत बाहेरचं कोण येणार? सकाळी तो आला तेव्हा काकूच इथं उभ्या होत्या, हातात कॅनचं झाकण. त्याला पाहून त्यांनी ते घाईनं बसवलं होतं.

सुगतनं टाकी ओतून काढली, कार्बोरेटर धुतला, प्लग घासला. सायकलच्या थैलीत त्याची स्वतःची बाटली होती, त्यातलं पेट्रोल भरलं. पहिल्याच ओढीला मशीन भरल्या गळ्यानं गाऊ लागलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

त्यानं मान वर केली. स्वयंपाकघराच्या खिडकीत काकू होत्या. दोन्ही हातांनी गज धरलेले, नजर झाडावर. जात्यावर बसलेल्या बाईसारखे ओठ हलत होते.

सुगतनं बटण दाबलं. अंगण शांत झालं.

बाळकृष्णजी परतले तेव्हा तो मशीन गोणपाटात गुंडाळत होता.

"पिस्टन जाम झाला," तो म्हणाला. "नवा मुंबईहून येईल. हप्ताभर तरी लागेल."

"दुसऱ्या कुणाचं मशीन?"

"एक आहे, ते खजराण्याकडे ठेक्यावर गेलंय. हातकरवतीनं उद्यापर्यंत होणार नाही."

एवढ्या मोठ्या कामात आपलं नाव गेलं, हे सुगतला कळत होतं. या कॉलनीत आता त्याला कोणी बोलावणार नव्हतं.

बाळकृष्णजी दारात उभे राहिले, मग तसेच पीसीओकडे गेले. लवकर परत आले.

"सांगून टाकलं त्याला. भल्या माणसाला उगाच लटकवून कशाला ठेवायचं? तो आत्ताच सिमरोलला निघाला, बयाणा द्यायला." ते ओट्यावर टेकले. "अगं, सुगतला पोहे दे. बिचारा उन्हात राबलाय."

काकूंनी बशी मागच्या दारी आणून दिली.

"मघाशी तर चालू झालं होतं," त्या म्हणाल्या.

"चालूच आहे, काकू." सुगतनं आवाज खाली घेतला. "तुमचं झाड राहिलं. टेन्शन नका घेऊ, घासलेटचं मी कुणालाच सांगणार नाही."

काकू पायरीवर बसल्या, हळूहळू, गुडघ्यांना विचारत.

"घासलेट हे ओततात," त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या. "सकाळी मी झाकण काढून वास घेतला, तेव्हाच कळलं. मागच्या गिऱ्हाइकाच्या वेळी यांनीच नळाची लाइन फोडली होती. नागपूरला जायला माझी पेटी दिवाळीपासून भरलेली आहे."