कानसेन

तिच्या नवऱ्याला तिची बहीण तोंडावर ‘कानसेन’ म्हणायची, आणि त्या शहाण्याला ते कौतुक वाटायचं. कॉम्प्युटरच्या टेबलावर ठेवायला दोन छोटे स्पीकर निवडण्यात त्याने अख्खा उन्हाळा घालवला होता. लाकडी खोक्याचे, जुन्या रेडिओ स्टेशनात असायचे तशा घडणीचेच हवेत, हा हट्ट. एकेक जोडी घरी यायची, दोन दिवस टेबल अडवायची आणि परत जायची. “आवाज येतो गं, पण माणूस येत नाही,” असं वर नाक मुरडून सांगायचा.

आज नवी जोडी आली. त्याने खुर्ची पुढेमागे सरकवून बरोब्बर मधोमध बैठक मारली. एरवी तीन हाका मारल्या तरी ज्याला ऐकू जात नाही, त्याला आज भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिकसुद्धा खुपली. ते उचलून त्याने स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं.

ती शेजारच्या खोलीत दार लोटून गात होती. लग्नानंतर पहिल्यांदाच, आज संध्याकाळी, ती स्टेजवर गाणार होती. गाण्यातली एक अवघड जागा सकाळपासून हुलकावणी देत होती. ती आत्ता कुठे गळ्यात बसायला लागली, तोच दार धाडकन उघडलं.

“अगं, जरा गप्प बसशील का?” कानसेन खेकसला. “शेजारच्या खोलीत कुणीतरी खरंच गातंय असं वाटलं, तरच ठेवणार आहे मी हे स्पीकर!”